सहा दात आणि तीन बोल्ट

गेल्याच्या गेल्या थंडीत चोपड्याकडे साडूच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदहून आणलेली वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, बडगीत ठेचली, वर हिरव्या मिरचीची अन् पातीच्या कांद्याची फोडणी. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तर आपल्या भरितात हवेतच. मंडळी कळण्याच्या पुऱ्या घेऊन तुटून पडली होती. मी भरीत जिभेनं टाळूवर दाबत होतो, त्यातला शेंगदाणा जिभेच्या टोकानं वेगळा करत होतो आणि हळूच पत्रावळीच्या कडेला ठेवत होतो. जेवण होईपर्यंत वीस-पंचवीस शेंगदाण्यांची रांग लागली. साडूची नजर गेलीच.

"नाना, बियानं ठेवी ऱ्हायनात का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ओठ मिटून.

मी अमळनेरला एसटीच्या आगारात 34 वर्षं मेकॅनिक होतो. गाडीचा आवाज जरा बदलला की पिटमध्ये उतरून बघायचं, ही आमची शिस्त. स्वतःच्या तोंडाचा आवाज मात्र सात वर्षं ऐकू येत असून मी बॉनेट उघडलं नाही. तंबाखू-चुना होताच, त्यात पन्नाशीला साखर निघाली. हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा, मग एकेक दाढ हलायला लागायची. हलली की काढायची, दोन दिवस गोळ्या खायच्या, विषय संपला. काढणाऱ्या डॉक्टरांनी दोन-तीनदा सांगितलंही होतं की जागा रिकामी ठेवू नका. आपण म्हणतो, मागची दाढ आहे, दिसते कुणाला?

खाली डावीकडच्या ओळीनं तीन गेल्या, खाली उजवीकडच्या दोन, वर डावीकडची एक. एकूण सहा.

मध्ये एकदा कवळी करून पाहिली. गुलाबी प्लास्टिकची, तारेचे आकडे असलेली, खालच्या दोन्ही बाजूंना जोडणारी. स्वस्तात झाली. पण जिभेखाली सतत काहीतरी परकं आहे असं वाटायचं, चिवड्यातली तीळ-खसखस तिच्याखाली गेली की डोळ्यांत पाणी, आणि भाकरी चावताना ती मागून उचलायची. चार महिन्यांनी ती स्टीलच्या डबीत गेली, डबी कपाटात गेली. कवळी वाईट असते असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारचे मास्तर 20 वर्षं कवळीवर ऊस सोडून सगळं खातात. मला जमली नाही, एवढंच.

भरीत पार्टीनंतर मनावर घेतलं. तेवढ्यात उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयात दातांचं मोफत शिबिर लागलं. मोठा फ्लेक्स, 'तीन दिवसांत फिक्स दात'. गेलो. बाहेरगावच्या एका क्लिनिकची माणसं होती. खुर्चीत बसवलं, टॉर्च मारला, एक फोटो काढला, आणि टाय लावलेला एक पोरगा कागद घेऊन शेजारी बसला. तो डॉक्टर नव्हता, हे मला नंतर कळलं. म्हणाला, "काका, खालचे उरलेले सगळे काढून टाकू, आठ-दहा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रू, टाकू, वरून अख्खी बत्तिशी बसवू. आज बुकिंग केलं तर साडेचार लाखांत." मी विचारलं, उरलेल्या दातांना काय झालंय? तर म्हणे, "आज ना उद्या जाणारच आहेत."

आगारात कुणी मला म्हणालं असतं की दोन पिस्टन गेलेत, तर चालू असलेले चारही काढून फेका, तर मी त्याला हातातला पाना दाखवला असता. पण दवाखान्याच्या खुर्चीत माणूस वेगळाच होतो. मी पाच हजार ॲडव्हान्स द्यायला खिशात हात घातला होता. पाकिटात निघाले साडेसातशे, म्हणून वाचलो.

ज्या पद्धतीचं ते बोलत होते तिला बेसल इम्प्लांट म्हणतात. लांब स्क्रू जबड्याच्या आतल्या, कडक हाडापर्यंत नेऊन रोवतात आणि काही दिवसांतच वर दात जोडतात. ज्याच्या तोंडात दातच नाहीत, हाडही फार झिजलंय, अशा माणसासाठी तिचा विचार करणारे डॉक्टर आहेत. माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. खालचे माझे नऊ दात घट्ट होते, ते काढायला निघाले होते, याबद्दल आहे.

मुलगी धुळ्याला दिलेली. तिनं फोनवर मला आधी भरपूर ऐकवलं, मग तिथल्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. हे प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर दात बसवण्याच्याच विषयात एमडीएस केलेले. वय माझ्या पोराएवढं. पहिल्या दिवशी त्यांनी कुठल्याच पैशाचा आकडा काढला नाही. ओपीजी काढून आणायला सांगितला, तो एक्स-रे डोक्याभोवती फिरून अख्खा जबडा एका फोटोत घेतो. मग ते असिस्टंट मुलीला लिहून घ्यायला सांगू लागले, "पस्तीस, छत्तीस, सदतीस मिसिंग. सेहेचाळीस, सत्तेचाळीस मिसिंग."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माणसाला दात बत्तीस. माझ्या तोंडात सत्तेचाळीसावा कुठून आला?"

ते हसले. तोंडाचे चार भाग करतात: वर उजवा एक, वर डावा दोन, खाली डावा तीन, खाली उजवा चार. पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात त्याचा. म्हणजे 36 म्हणजे खाली डावीकडचा सहावा. डेपो कोड आणि गाडी नंबर! मला लगेच पटलं आणि तेव्हापासून या डॉक्टरांचं बोलणं मला समजायला लागलं.

त्यांनी कोऱ्या कागदावर माझा जबडा काढला आणि जागेजागेनं हिशोब मांडला. हा कागद मी अजून ठेवलाय.

खाली डावीकडे तीन ओळीनं नाहीत आणि त्यांच्या मागे अक्कलदाढही नाही. फिक्स ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दातांचा पूल, करायचा तर दोन्ही टोकांना खांब लागतो. इथं पुढे खांब आहे, मागे नदीच आहे. म्हणजे दातांवरचा ब्रिज बाद. उरलं काय, तर काढ-घाल कवळी किंवा इम्प्लांट. कवळीही धातूची, नीट ओतलेली करता येते, ती माझ्या प्लास्टिकच्या कवळीपेक्षा पातळ आणि घट्ट बसते, हेही त्यांनी सांगितलं. आणि इम्प्लांट घ्यायचे तर तीन दातांना तीन कशाला? दोन टाकायचे, एक पुढे एक मागे, आणि त्यांच्यावर तीन दातांचा पूल. मी तोपर्यंत समजत होतो की जेवढे दात तेवढे स्क्रू, आणि सहाने गुणाकार करून घाबरत होतो.

खाली उजवीकडे दोन गेल्या होत्या, पण त्यांच्यामागची अक्कलदाढ शिल्लक होती आणि रिकाम्या जागेकडे पाहत ती पुढे कलंडली होती. दोन दाढांच्या जागेत आता जेमतेम दीड उरली होती. त्याहून वाईट म्हणजे वरची दाढ. तिला खालून टेकू राहिला नाही, म्हणून ती सात वर्षांत खाली उतरली होती. आरशात दाखवलं तेव्हा दिसलं, शेजारणीपेक्षा चांगली दोन-अडीच मिलिमीटर लांब. खाली दात बसवायचा तर वरच्या या दाढेचं रूट कॅनल करून तिला छाटून टोपी घालावी लागणार. 'मागची दाढ आहे, दिसते कुणाला' याचं हे बिल. त्या बाजूला एकच इम्प्लांट, एकच दात.

आणि वर डावीकडे? तिथं मला वाटलं इम्प्लांटच होणार. डॉक्टर म्हणाले, नको. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की खालून हाड झिजतं, वरून पोकळी खाली येते. माझ्या त्या जागी चारच मिलिमीटर हाड उरलं होतं. इम्प्लांट टाकायचा तर सायनसचा पडदा वर उचलून खाली हाडाची पावडर भरायची, ती पक्की व्हायला सहा-आठ महिने थांबायचं. ते होतं, लोक करतात. पण माझ्या शेजारच्या दोन दातांपैकी मागच्याचं आधीच रूट कॅनल झालेलं, त्याला टोपी लागणारच होती. पुढच्या दातात मोठं सिमेंट भरलेलं. मग त्या दोघांना खांब करून साधा तीन दातांचा ब्रिज का नको? शेजारचे दात कोरे, निरोगी असते, तर ते तासून ब्रिज करायला त्यांनी नकार दिला असता, असंही ते म्हणाले.

पावडरीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "नाना, गळ्यात माळ आहे तुमच्या, म्हणून सांगतो." हाडासाठी वापरतात त्या पावडरी गायी-बैलाच्या हाडापासून केलेल्याही असतात, डुकराच्याही असतात, आणि कॅल्शियम फॉस्फेटची कारखान्यात केलेलीही मिळते. मला पावडर लागलीच नाही, पण माळकऱ्यानं, जैनानं, मुसलमानानं हे आधी विचारून घ्यावं. सगळेच डॉक्टर आपणहून सांगतील असं नाही.

एवढं झालं आणि मी म्हटलं, मग कधी करायचं? त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, 8.6.

"ही साडेसातच्या खाली, जमलं तर सातच्या जवळ आणा. तंबाखू बंद. मग या."

मला राग आला. पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला कुणी परत पाठवतं का? बसस्टँडवर येईपर्यंत राग उतरला, कारण शिबिरातल्या त्या पोरानं मला साखर आहे का हेसुद्धा विचारलं नव्हतं. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही, हाड धरत नाही, जंतू धरतात. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. इम्प्लांटचं सगळं गणित हाडानं धरण्यावर आहे.

तंबाखू सुटण्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल, ती इथं नको. दोनदा सुटली, एकदा परत धरली. आमच्या एमडी डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, सकाळी बोरी नदीच्या बाजूला तासभर चालणं लागलं. पितृपक्षात साखर 7.2 आली. ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू होती, ती मी माझ्या अकलेनं बंद करणार होतो. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ती चालूच ठेवली.

मग स्कॅन. ओपीजी म्हणजे सपाट फोटो, त्यात हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. सीबीसीटी नावाचा स्कॅन जबड्याचे भाकरीसारखे तुकडे करून दाखवतो, हाड किती उंच, किती रुंद, नस कुठून जाते. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते, तिला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो. तिच्यापासून 2 मिलिमीटर तरी लांब राहायचं, असा नियम. माझ्या डाव्या बाजूला मागच्या जागी नसेच्या वर 11 मिलिमीटर हाड होतं, म्हणून तिथं साडेआठचा स्क्रू. पुढे जागा जास्त, तिथं दहाचा. दात काढल्यावर हाड पहिल्या वर्षात निम्म्यानं अरुंद होऊ शकतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच जातं, हे त्यांनी तिथं स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं. माझी रुंदी नशिबानं पुरली.

दिवाळी झाल्यावर डावी बाजू केली, दहा दिवसांनी उजवी.

भीती मला ड्रिलची होती, कारण ड्रिल मी आयुष्यभर चालवलंय. बधिर करायच्या दोन-तीन सुया टोचल्या तेवढंच दुखलं. हिरडीला चीर दिली, बाजूला केली, आणि मग आवाज सुरू झाला. मी डोळे मिटून ऐकत होतो. हे हात घाई करत नव्हते. आधी बारीक बिट, साधारण 2 मिलिमीटरचा, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. फेरे कमी, वरून सलाईनचं पाणी सतत. लोखंडाला भोक पाडताना आपण कूलंट सोडतो ते बिट जळू नये म्हणून. इथं हाड जळू नये म्हणून. हाड तापलं की त्या जागची पेशी मरते, मग स्क्रू कितीही चांगला असो, धरत नाही.

भोक झालं. मग बाटलीतून इम्प्लांट काढला, मी हात वर करून थांबवलं आणि म्हटलं, दाखवा. 4 मिलिमीटर जाड, दहा लांब, राखाडी, खरबरीत, बारीक आटे. तो आत फिरवत नेला. आणि शेवटी त्यांनी जे हातात घेतलं ते बघून मला खुर्चीत हसू आलं. बोटाएवढा टॉर्क पाना! त्याच्या दांड्यावर रेघा होत्या. 35 न्यूटन सेंटिमीटरपर्यंत नेला आणि थांबले. म्हणजे एक सेंटिमीटरच्या दांडीवर साडेतीन किलोचं वजन टांगावं तेवढा जोर. बसच्या चाकाचे नट आवळायला आमचा माणूस पान्यावर उभा राहायचा.

नंतर तोंडातला कापूस सांभाळत विचारलं, अजून का नाही आवळला? ते म्हणाले, कमी आवळला तर हलतो आणि हाड धरत नाही, जास्त आवळला तर दाबानं आजूबाजूचं हाडच मरतं. आटे जाणं म्हणतो ते हेच.

टाके घालून घरी. दोन दिवस बर्फ, गाल लाडूसारखा, तिसऱ्या दिवशी उतार. वेदना दाढ काढल्यानंतरच्या वेदनेपेक्षा कमी होती, ही माझी गोष्ट, दुसऱ्याची वेगळी असेल. आठवडाभर मऊ भात, घुटं, मुगाची खिचडी.

आणि मग थांबणं. खालच्या जबड्याला तीन-चार महिने, वरच्याला त्याहून जास्त, कारण वरचं हाड पोकळ-भुसभुशीत असतं. या थांबण्याच्या काळात आत काय होतं ते मुलीनं मला वाचून दाखवलं आणि मी खूश झालो. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर होते. 1952 मध्ये ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवून रक्ताचा अभ्यास करत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला धरून बसलं होतं. त्यातून विचार करत 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले.

आता बघा, मी 34 वर्षं जाम झालेल्या बोल्टांना शिव्या दिल्या. रॉकेल ओतलं, गॅस कटर लावला, छिन्नी-हातोडा केला. आणि इथं बोल्ट जाम व्हावा म्हणून मी साडेतीन महिने देवापुढे उदबत्ती लावत होतो.

कट्ट्यावरच्या मित्रांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना वेगळंच सुचलं. "नाना, तुनी राखमा तीन बोल्ट सापडतीन!" खरं आहे, सापडतील. टायटॅनियम 1,668 अंशांना वितळतं, चितेच्या आगीला ते कुठलं जमतंय.

याच काळात माझी मोठी बहीण नंदुरबारहून आली. तिचे दोन्ही जबडे रिकामे, वरची कवळी चिकटून बसते, खालची बोलताना उडते. तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. तिच्यासाठी त्यांनी फिक्स बत्तिशीचा विषय शेवटी काढला. आधी सांगितलं ते स्वस्तातलं: खाली पुढच्या भागात दोनच इम्प्लांट, त्यांच्या डोक्यावर टिचबटणाचा खालचा भाग, कवळीच्या आत वरचा भाग. कवळी टिचकन बसते, रात्री काढून धुवायची. खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर निदान एवढं तरी द्यावं, असं 2002 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलंय, असं ते म्हणाले. न काढायचे दात हवे असतील तर चार इम्प्लांटवर पूर्ण ओळ बसते, 'ऑल ऑन फोर' म्हणतात ते. पोर्तुगालच्या मालो नावाच्या डॉक्टरांनी रूढ केलेली पद्धत, मागचे दोन स्क्रू तिरपे टाकायचे, म्हणजे वर सायनस आणि खाली नस चुकते आणि बऱ्याचदा पावडर भरावी लागत नाही. खर्च टिचबटणाच्या कितीतरी पट.

पण बहिणीच्या पिशवीत हाडं ठिसूळ झाल्याची गोळी निघाली, आठवड्यातून एक घ्यायची ती. ती बघून डॉक्टर सावध झाले. या औषधांवर असलेल्या माणसाच्या जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर कधीकधी भरून येत नाही. किती वर्षं घेतेय, गोळीच की इंजेक्शनही, हे तिच्या डॉक्टरांकडून लेखी आणायला सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना हाडाच्या गोळीचं काय सांगायचं, असं तिला वाटत होतं. तिचं अजून ठरायचंय.

माझं फाल्गुनात पुढे सरकलं. हिरडीला बारीक चीर देऊन इम्प्लांटची तोंडं उघडली, आधी एक्स-रे काढला, मग पान्यानं हलवून पाहिले. जाम! त्यांच्यावर छोट्या टोप्या बसवल्या, पंधरा दिवसांत हिरडीनं त्यांच्याभोवती गोल आकार घेतला. मग मापं. पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी तोंडात दाबून धरायचं, माझ्यासारख्या उमासे येणाऱ्याला तेच सगळ्यात अवघड गेलं, ऑपरेशन परवडलं. आजकाल कॅमेऱ्यानं माप घेतात, त्यांच्याकडे तेव्हा तो नव्हता.

दात झिर्कोनियाचे, म्हणजे एका कडक सिरॅमिकचे. इथं परत निवड होती, सिमेंटनं चिकटवायचे की स्क्रूनं बसवायचे? मेकॅनिकला हे विचारावं लागतं का! सिमेंटच्या दाताला भोक नसतं, दिसायला छान. पण उद्या काही बिघडलं तर तो फोडावा लागू शकतो, आणि हिरडीखाली सिमेंट राहिलं तर तिथं सूज धरते. स्क्रूचा दात उघडता येतो. स्क्रूच्या डोक्यावर काय भरतात ते बघायला मी आरसा मागितला. आत आधी पांढरी टेप कोंबली, नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती टेफलॉन टेप, तीच, निर्जंतुक केलेली. वर दातांच्या रंगाचं सिमेंट. पुढच्या वेळी उघडताना ड्रिल स्क्रूच्या डोक्याला लागू नये म्हणून टेप. एवढ्या महागड्या कामात हार्डवेअरच्या दुकानातली टेप बघून मला फार बरं वाटलं.

डाव्या पुलाला पुढच्या माझ्या स्वतःच्या दाताचाही आधार का घेतला नाही, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर गाडीच्या पाट्यांमध्ये, म्हणजे स्प्रिंगमध्ये आहे. आपला दात हाडात थेट रोवलेला नसतो, बारीक तंतूंवर टांगलेला असतो, चावताना तो केसभर दबतो. म्हणजे तो पाट्यांवर बसलेली बॉडी. इम्प्लांट चॅसिसला थेट बोल्ट केलेला, दबत नाही. दोघांना एका पुलात जोडलं तर एक खाली जाणार, दुसरा नाही, आणि मधला सांधा बोंबलणार. म्हणूनच इम्प्लांटच्या दातांचा चावा किंचित हलका ठेवतात. निळा कागद चावायला लावून, ठिपके बघून, घासून, पुन्हा कागद, असं अर्धा तास चाललं. तंतू नसल्यामुळे आणखी एक फरक पडतो: भातात खडा आला तर तो उशिरा कळतो. अंदाज यायला मला महिना लागला.

बसवल्यावर तीन आठवड्यांनी उजवीकडचा एकटा दात डुगडुगायला लागला. माझ्या पोटात गोळा. वाटलं, बोल्ट हाडातून सुटला. तसाच धुळ्याला. डॉक्टरांनी वरचं सिमेंट काढलं, टेप ओढून काढली, आतला छोटा स्क्रू सैल झाला होता, तो पुन्हा मापात आवळला. दोन मिनिटं. इम्प्लांट जागच्या जागी. आम्हीही चाक बसवलं की थोडे किलोमीटर गाडी पळवून नट पुन्हा आवळायचो. पहिल्या आवळण्यात आटे एकमेकांत बसतात आणि ताण जरा उतरतो. डावीकडचे दोन एकमेकांना धरून होते, हा एकटा होता.

तेव्हाच मी त्यांच्याकडून स्टिकर मागून घेतले. प्रत्येक इम्प्लांटच्या बाटलीवर कंपनी, माप, बॅच नंबर यांचं स्टिकर असतं. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं खोबण वेगळं, टाटाचा पार्ट लेलँडला बसत नाही तसं. उद्या डॉक्टर बदलला, गाव बदललं, तर नवा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार. माझी तिन्ही स्टिकरं आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या मागे चिकटवलेली आहेत.

पैसे विचारतातच सगळे. तीन इम्प्लांट आणि त्यांच्यावरचे चार दात 1,18,000. वरचा ब्रिज 18,000. उतरलेल्या दाढेचं रूट कॅनल अन् टोपी 9,000. स्कॅन 2,500. एकूण 1,47,500, धुळ्यातले, तेही दहा महिन्यांत हप्त्याहप्त्यानं दिलेले. माझ्या मेडिक्लेमनं एक रुपया दिला नाही, दातांचं त्यात बसत नाही म्हणाले. सहा गेलेले, पाच बसवले, सहाव्याची जागा अक्कलदाढेनं खाल्ली आणि त्यानं काही अडत नाही.

रोज रात्री आता माझी दहा मिनिटं आरशापुढे जातात. पुलाखालून बाटलीच्या ब्रशसारखा बारीक ब्रश फिरवायचा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला पायरिया होतो आणि हाड खातो, साखरवाल्याला तर आधी. सहा महिन्यांनी सफाई आणि एक्स-रे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी मुली माहेरी आल्या होत्या. अंगणातल्या निंबाला झोका, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस. सात वर्षांत पहिल्यांदा तोंडात दोन्ही बाजूंना दाढा आहेत आणि सणाला पदार्थ असा की दात लागतच नाहीत! जेवायला अवकाश होता. ओट्यावर परातीत तळलेले ज्वारीचे बिबडे झाकून ठेवले होते. मी ताट जरा सरकवलं, एक उचलला आणि डाव्या बाजूनं कडाकडा चावला.

आतून बायको ओरडली, "कोण खातंय गं बिबडे? परी, जेवणात घ्यायचे म्हटलं ना तुला?"

परी बाहेर झोक्यावर होती. मी आवाज न करता दुसरा उचलला, पण बिबडा आवाज न करता खाता येत नाही.